पाळीवरची पंगत

५ जानेवारी १९८७, सोमवार

शकुबाईंनी महिला मंडळातल्या सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. त्यांच्या राइस मिलच्या आहेत, प्रत्येक पानाखाली मिलचं नाव छापलेलं. बाकीच्या बायका यात दुधाचा हिशेब लिहिणार म्हणे. मी नाही लिहिणार. दिवसभर जे गिळून टाकते ते इथं लिहीन. शाळेत मुख्याध्यापकांसमोर बोलायची सोय नाही. घरी बोलावं तर हे पेपर तोंडासमोर धरतात. आणि आत्याबाईंशी, म्हणजे माझ्या सासूशी बोलावं, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

आज त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून पाहिला. म्हणाले, टीबी गेला, कफ साफ आहे, आता गोळ्या बंद. मी म्हटलं, सुटलो बाप्पा! तर म्हणे, "सुटल्या कुठं बाई? टीबीनं नाही मेल्या, पण उपाशी राहून मरतील. पोटात जाऊ द्या काहीतरी." जसं काही मीच त्यांचा हात धरून ठेवलाय.

मऊ भात करते, खिचडी करते, पेज करते. त्या दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. पूर्वी माझ्या प्रत्येक स्वैपाकाला नावं ठेवायच्या. मीठ कमी, तिखट जास्त, वांगं कच्चं राह्यलं. तेव्हा मनात यायचं, ही बुडी गप कधी बसेल? आता बसली गप. आता एकच विचारतात, "तू जेवली का?"

मी म्हणते, "माझं होते मंग, तुमी जेवा." संपलं बोलणं.

८ जानेवारी, गुरुवार

शकुबाईंच्या घरी मंडळाची सभा. शकुबाई अध्यक्ष आहेत आणि मी सचिव, म्हणजे बोलायचं त्यांनी आणि करायचं मी. पण आजची बातमी खरंच मोठी आहे. ताराबाई डोर्लीकर सिंदेवाहीला येणार!

नागपूरच्या साप्ताहिकात त्या दर आठवड्याला पदार्थ लिहितात, बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्यांचं पुस्तक माझ्या लग्नात मिळालं होतं. मी होस्टेलात राहून शिकलेली, मला साधा भात लावता येत नव्हता. आत्याबाई तर काही शिकवायच्या नाहीत, नुसत्या चुका काढायच्या. त्या पुस्तकानं मला तारलं. ताराबाई लिहितात ते असं, की शेजारी बसून सांगतायत. "करपलं तर रडू नका, वरचं वरचं काढून घ्या, खालचं कोणाला दाखवू नका." मी कितीदा तसंच केलंय. माझ्या पुस्तकाची पानं तेलानं पारदर्शक झाली आहेत.

शकुबाईंच्या बहिणीशी त्यांचा घरोबा आहे, म्हणून हे जमलं. आता त्या लिहिणं थांबवणार आहेत, साठी झाली. त्यांच्या मानासाठी आपण मालगुजारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, डबापार्टी करायची, असं ठरलं. प्रत्येकीनं ताराबाईंच्या पुस्तकातला एकेक पदार्थ करून आणायचा. पहिल्या फेब्रुवारीला, रविवारी.

सभेत चहा झाला. शकुबाईंनी दोनदा घेतला. आमच्या घरी आल्या की म्हणतात, "मी चाय सोडली बाई." मला काय समजत नाही? माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. आम्ही शिकलो, नोकरीला लागलो. पण शकुबाईंची चाय आमच्या उंबरठ्यावर अजून सुटलेलीच आहे. कोणी वेगळं धरलं तर माणसाला सांगावं लागत नाही. आपोआप कळतं.

असो. मला ताराबाईंना एकच प्रश्न विचारायचा आहे, आणि तो विचारल्याशिवाय मी त्यांना परत जाऊ देणार नाही. जे माणूस जेवतच नाही, त्याला काय करून घालावं?

१३ जानेवारी, मंगळवार

आज माझ्या लेकीला, कांताला एक धपाटा घातला. नंतर वाईट वाटलं, पण घातला. शाळेतून आले तर ही पोरगी आजीच्या खाटेवर बसून आजीच्या ताटातले तिळाचे लाडू खात होती. त्याच ताटातले!

तिनंच तर त्या ताटाला खूण केली होती, आपल्या नेलपॉलिशनं काठाखाली लाल ठिपका. ताट, वाटी आणि पेला, तिन्हीवर. आत्याबाईंचा खोकला सुरू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, भांडी वेगळी ठेवा. तेव्हापासून मी ती वेगळी घासते, वेगळ्या कोनाड्यात ठेवते. वाढतानासुद्धा जपते, डाव त्या ताटाला लागू देत नाही, भात वरूनच सोडते. त्यांची खाटही बाहेरच्या खोलीत टाकली. एवढं केलं म्हणून घरात दुसऱ्या कोणाला काही झालं नाही.

कांता रडत म्हणाली, "पण डॉक्टर तर म्हनले, आजी बरी झाली!"

डॉक्टरांचं काय जातं म्हणायला? घरात वाढती पोर आहे. मी म्हटलं, राहू दे आहे तसं, काही बिघडत नाही त्यानं.

आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला. लाडू तसेच राहिले.

१८ जानेवारी, रविवार

सकाळपासून कपडे, सारवण, आणि दुपारी पदार्थांच्या वाटणीवरून बायकांची भांडणं. तिघींना एकच मसालेभात करायचा होता. मग शकुबाई म्हणाल्या, भात कोणीच करू नका, भात तर आपन रोजच खातो, ताराबाईंना धानपट्ट्यात येऊन भातच खाऊ घालायचा का? तिघी फुगल्या. मी कागदावर सगळ्यांची नावं लिहून आणली. बासुंदी, कोथिंबीर वडी, भरली वांगी, सुरळीच्या वड्या. सुरळीच्या वड्या माझ्या वाट्याला, कारण त्या कोणालाच जमत नाहीत.

आत्याबाई आज कधी नव्हे ते कांताशी बोलत होत्या. मी आतून ऐकत होते.

"आमी लहान होतो न, तवा मालगुजाराच्या घरी लगन होतं. आमाले गोठ्यामागं बसवलं. पत्रावळीवर वरूनच टाकत बुंदी, हात लागू नाई म्हून. माह्या बापानं पत्रावळ तशीच ठेवली अन् उठला. म्हने, चाला. माय म्हने, पोरं उपाशी हायेत. त बाप म्हने, राहू दे उपाशी. मी त रडत गेली घरापर्यंत, बुंदीसाठी."

कांता म्हणाली, "मग आजी, घरी जाऊन काय खाल्लं?"

"आंबील. पन सारे एका जागी बसून."

म्हाताऱ्या माणसाला जुनंच आठवतं. मी ताट नेऊन स्टुलावर ठेवलं, म्हटलं, "गोष्टी मंग सांगा, पयले जेवा, भात थंडा होते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि विचारलं, "तू जेवली का?"

दिवसभर राबल्यावर हा प्रश्न ऐकला की अंगाचा तिळपापड होतो. मी कधी जेवणार? सगळ्यांचं झाल्याशिवाय कधी जेवलेय मी?

२५ जानेवारी, रविवार

उद्याच्या झेंडावंदनाची तयारी. मुख्याध्यापकांनी पुन्हा आठवण करून दिली की मार्चच्या आत कोट्यातली नसबंदीची केस आणा, प्रत्येक शिक्षकाला एक. कुठून आणू? जंगलात जाऊन कोणाला धरू?

पुस्तकातली, आजाऱ्यांसाठी लिहिलेली गव्हाच्या सत्त्वाची खीर केली. तीन दिवस गहू भिजवले, वाटले, गाळले. आत्याबाईंनी एक चमचा घेतला.

ह्यांना म्हटलं, तुमच्या मायला तुम्ही तरी सांगा काही. हे धान संशोधन केंद्रात नोकरीला आहेत. धानाच्या रोपाला काय झालं ते पान पाहून सांगतात. मायला काय झालं ते मात्र सांगता येत नाही. म्हणाले, "माय आता म्हातारी झाली, प्रेमिला." आणि डोळे पुसत बाहेर गेले. मला आणखी एक काम झालं, ह्यांची समजूत घालायचं.

भीती वाटते. म्हातारी खरंच जाईल.

३१ जानेवारी, शनिवार

सुरळीच्या वड्या तिसऱ्यांदा फसल्या. चौथ्यांदा जमल्या. हात भाजला आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय.

उद्याची अडचण अशी, की ह्यांच्याकडे नागपूरचे साहेब येणार, रविवार असला तरी, त्यामुळे आत्याबाईंजवळ कोणी नाही. कांताला घरी ठेवावं तर ती आजीच्या ताटात जेवणार. शेवटी आत्याबाईंना सोबत न्यायचं ठरवलं. शकुबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आना न, खुली हवा लागंल. पन जरा बाजूले बसवजा हं."

मी तेच करणार होते. त्यांनी सांगायची गरज नव्हती.

पिशवीत लाल ठिपक्याचं ताट, वाटी, पेला आठवणीनं ठेवले.

१ फेब्रुवारी, रविवार

पाय सुजलेत. उद्या लिहीन.

२ फेब्रुवारी, सोमवार

शाळेला रजा टाकली. म्हटलं, लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

ताराबाई छोट्या लाईनच्या गाडीनं आल्या. मला वाटलं होतं, गोऱ्यापान, टापटीप, घारेबिरे डोळे असतील. त्या निघाल्या ठेंगण्या, सावळ्या, पायावर सूज, डोळ्यांखाली काळं. गाडीतून उतरताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, फार चालायचं आहे का हो?" माझ्याच आवाजातलं वाक्य वाटलं ते.

मिलच्या ट्रॅक्टरनं सगळ्या पाळीवर पोचलो. मोहाची झाडं, खाली तलाव, पाण्यात कोणीतरी जाळं टाकून उभं. चटया टाकल्या. आत्याबाईंना मी थोड्या दूरच्या झाडाखाली बसवलं, जवळ पिशवी ठेवली. मग डबे उघडले आणि माझ्या लक्षात आलं.

भात नाही.

बासुंदी आहे, वड्या आहेत, भरली वांगी आहेत, तीन प्रकारच्या चटण्या आहेत. भात नाही, पोळ्या नाहीत, भाकर नाही. पुस्तकातलंच करायचं म्हणून प्रत्येकीनं पुस्तकातलं केलं, आणि रोजचं कोणीच आणलं नाही. पुस्तकातला मसालेभात तर शकुबाईंनीच बाद केला होता. आता त्याच माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "प्रेमिलाबाई, तुमी सचिव न? भाताचं कोनाले सांगतलं होतं?"

सिंदेवाहीसारख्या धानाच्या गावात भात विसरला! कोणाला सांगायची सोय नाही. माझ्या तोंडात असं काही आलं होतं, की ताराबाई नसत्या तर बोलून टाकलं असतं.

पाळीखाली सुकलू ढीवराची झोपडी आहे. तलावात तोच जाळं टाकून उभा होता. त्याच्या बायकोनं तांदूळ दिले, तीन दगडांवर भातासाठी मोठा गंज चढवला. लाकडं ओली होती. तिथं मी फुंकणी फुंकत, डोळे चोळत बसले. वरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. सगळ्यांत मोठी चाहती मी, आणि ताराबाई वर बसलेल्या तेव्हा मी खाली धुरात. रडूच आलं. नशीब, धुरात ते कोणाला दिसत नाही.

सुकलूच्या बायकोनं विचारलं, "कोन बाई आली व?"

मी म्हटलं, "स्वैपाकावर पुस्तकं लिहिते."

"माय माय! अन् तिच्याच पार्टीत भात नाई?"

गंज घेऊन वर चढले तर पंगत बसली होती. पळसाच्या पत्रावळी एका ओळीत. मधोमध ताराबाई. आणि त्यांच्यासमोर पत्रावळ नव्हती, स्टीलचं ताट होतं.

तिथूनच मला तो लाल ठिपका दिसला.

झालं होतं असं. मुख्य पाहुणीला पत्रावळीवर कसं वाढायचं, म्हणून शकुबाईंनी शोधाशोध केली. सगळ्या पिशव्यांत मिळून ताट एकच निघालं, तेही मोठ्या काठाचं, घासून लखलखीत. शकुबाईंनी स्वतःच्या हातानं पुसलं, स्वतःच्या हातानं सजवलं, भोवती फुलांची महिरप काढली. आमच्या घरी चहासुद्धा न घेणाऱ्या शकुबाईंनी!

आणि ताराबाईंच्या शेजारी आत्याबाई बसलेल्या. समोर पत्रावळ, सगळ्यांसारखी. मी त्यांना दूर बसवून गेले होते. नंतर कांतानं सांगितलं ते असं. सगळ्या बायका ताराबाईंभोवती उभ्या होत्या. पहिला घास तोंडात जायच्या आत एकीनं विचारलं, "कसं झालं?" दुसरीनं विचारलं, "पुस्तकात आहे तसंच झालं न?" ताराबाई प्रत्येकीला छान, छान म्हणत होत्या. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि झाडाखालच्या आत्याबाईंना हाक मारली. "अहो आजी, तुम्ही काय करून आणलं?"

आत्याबाई म्हणाल्या, "मी कायले काई करू? मी त नुसती आली."

"मग इथं या, माझ्याजवळ बसा. तुम्ही तरी मला कसं झालं म्हणून विचारणार नाही."

शकुबाई काही बोलणार होत्या म्हणे, पण पाहुणीसमोर काय बोलणार?

मी खालमानेनं भात वाढत गेले. ताराबाईंच्या ताटाशी आले, भात वाढला. आत्याबाई त्या ताटाकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं. बुडीच्या डोळ्यांत मी किती दिवसांनी हसू पाहिलं! मला वाटलं आता ही बोलणार, सगळ्यांसमोर सांगणार. पण त्या पत्रावळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथी टाक. आनखी. भरून टाक न व, हात काऊन आखडून राह्यली?"

जेवल्या. सगळा भात, भरलं वांगं, वरून बासुंदीची वाटी. शेवटी पत्रावळ दुमडली. मी भाताच्या गंजाला टेकून उभी, काय होतंय ते मला कळेना.

जेवणं झाल्यावर ताराबाई तलावाच्या पायरीवर हात धुवायला गेल्या. मी मागून गेले. कधीतरी सांगणं भागच होतं.

"बाई, एक चूक झाली. तुमाले वाढलं ते ताट माह्या सासूचं होतं. त्याईले टीबी होता."

त्यांनी पाण्यातून हात काढला. "आता आहे?"

"नाई. डॉक्टर म्हनतात गेला. गोळ्याही बंद झाल्या."

"मग?"

त्यांनी लुगडं सावरून पाय पाण्यात सोडले आणि हुश्श केलं. म्हटलं, आत्ता विचारते, नाहीतर राहून जाईल. सगळं सांगितलं. मऊ भात, पेज, सत्त्वाची खीर, दोन घास आणि ताट सरकवणं. "तुमच्या पुस्तकातलं सारं करून पाह्यलं, बाई. जे माणूस जेवतच नाई, त्याले काय करून घालावं?"

त्यांनी विचारलं, "तुम्ही केव्हा जेवता?"

"मी? साऱ्याइचं झाल्यावर. भांडी गोळा करता करता."

"एकट्याच?"

"आता एकटीच. आधी आम्ही दोघी बसत होतो, सासू अन् मी, चुलीजवळ. त्या माह्या भाजीले नावं ठेवत अन् खात."

"आणि त्या आता?"

"त्याईले पयले देतो. गरम गरम. खाटेवरच नेऊन देतो."

"अच्छा," म्हणाल्या, आणि पाण्याकडे पाहिलं. "मलाही सगळीकडे पहिलं वाढतात. मग उभ्या राहून बघतात. नकोसं होतं हो." मग माझा हात धरून उठल्या. "भात फार छान झाला होता. कोणी केला?"

एवढंच! मी प्रश्न विचारला तर उलटतपासणी माझीच. काय करून घालायचं ते सांगितलंच नाही. चांगली बाई आहे, बोलायला गोड आहे, पण खरं सांगते, मला राग आला. इतक्या बायकांच्या प्रश्नांना छापून उत्तरं देते, मला एक देता आलं नाही? थकल्या असतील. त्याही थकल्या, मीही थकले. दोन थकलेल्या बायका एकमेकींना काय देणार?

जाताना गाडीतून त्यांनी आत्याबाईंना हात केला. मला नाही, आत्याबाईंना.

घरी आल्यावर पिशवी उघडली. ताट नव्हतं, वाटी-पेलाही नाही. पाळीवरच राहिलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताट अजून आलेलं नाही. सुकलूकडे निरोप दिला आहे. तोवर आत्याबाईंना घरातल्याच ताटात वाढते, काय करणार? मनाला पटत नाही, पण ताट नाही तर नाही.

पण नवलच आहे! चार दिवस झाले, म्हातारी जेवते आहे. पोटभर नाही, पण जेवते. मला वाटतं भाताचा गुण आहे. त्या दिवशी सुकलूच्या घरचा तांदूळ होता, हातसडीचा, वर ओल्या लाकडाचा धूर. तेच त्यांना आवडलं असणार. लहानपणची चव. म्हणून मी तोच तांदूळ मागवला आणि अंगणात तीन दगडांवर भात करायला सुरुवात केली आहे. शाळेतून आले की स्टोव्ह सोडून धुरात बसते. शेजारच्या बायका हसतात. हसू दे.

ताराबाईंनी सांगितलं नाही, पण माझं मी शोधलं. म्हणाल्याच होत्या, भात छान झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

सुकलूनं ताट आणून दिलं. राखेनं घासून आरशासारखं केलं होतं. सोबत वाटी आणि पेलाही, आणि पानात बांधलेले तलावातले थोडे झिंगे. चांगला माणूस आहे. "बाई, तुमचं ताट झाडाखालीच होतं. आमच्या पोरानं त्यात जेवलं नाई हं, आमी तसंच ठेवलं." मला कसंतरी वाटलं ते ऐकून.

आज तोच तांदूळ, तोच धूर. वर झिंगे-वांगे. आत्याबाईंचा जीव की प्राण. ताटात वाढून नेलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. काठावरून बोट फिरवलं, ठिपक्यापाशी थांबवलं. "आलं का वापस?" म्हणाल्या. दोन घास घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काऊन? आज तर तुमच्या पसंतीचं हाय सारं!"

"तू जेवली का?"

मी ओरडले. खरंच ओरडले, शेजारी ऐकू जाईल एवढं. "मी जेवली का, मी जेवली का! मी जेवलं तर तुमचं पोट भरते का?"

हे बाहेर आले, पेपर हातात तसाच. कांता दारात उभी. मी ताट उचललं, आत नेऊन ठेवलं, आणि अंगणातल्या दगडांवर पाणी ओतलं. आता पुन्हा स्टोव्ह. धुरानं काही होत नाही.

मला आता कळेनासं झालं आहे. मी काय करू?

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा. घरी आले तर ह्यांचे दोन पाहुणे जेवून उठत होते. कांतानं पिठलं-भात केला होता, शहाणी पोर. पण भांड्यांचा ढीग. नळाला पाणी नाही. घरातलं एकूण एक ताट उष्टं.

पाहुणे गेले. हे त्यांना सोडायला गेले. मला भूक इतकी लागली होती की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. भांडी घासायला पाणी नाही, आणि बसून रडायला वेळ नाही. कोनाड्यात एकच स्वच्छ ताट होतं. लाल ठिपक्याचं. मी क्षणभर उभी राहिले. मग घेतलं. म्हटलं, ताराबाई जेवल्या, त्या काही मेल्या नाहीत. मला काय होणार आहे? आणि झालं तर होऊ दे, निदान झोपायला मिळेल.

त्यात उरलेला भात घेतला, पिठलं घेतलं, काल पुन्हा केलेलं झिंगे-वांगं घेतलं. आत उकडत होतं म्हणून बाहेरच्या खोलीत आले आणि आत्याबाईंच्या खाटेजवळ जमिनीवरच बसले. त्यांना आधी वाढायचं असतं हेही सुचलं नाही. मी खाली मान घालून जेवायला लागले.

थोड्या वेळानं खाट करकरली. पाहिलं तर आत्याबाई उठून बसल्या होत्या. ताटाकडे पाहत होत्या. मग माझ्या तोंडाकडे.

"त्यात जेवून राह्यली तू?"

मी तोंडात घास धरून म्हटलं, "दुसरं ताटच नाई धुतलेलं."

त्या खाली उतरल्या. मी धरायला उठत होते तर हातानंच बस म्हणाल्या. भिंतीला धरून माझ्या बाजूला बसल्या, गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. "सरक," म्हणाल्या, आणि माझ्याच ताटात हात घातला.

मला म्हणायचं होतं, थांबा, तुम्हाला गरम करून देते. पण तशीच सरकले. डोळे भरून आले. का ते मला सांगता येत नाही. थकवा असेल. मी रडत होते आणि जेवत होते, आणि त्या माझ्याकडे न पाहता जेवत होत्या. भात माझ्या बाजूचा संपला तर आपल्या बाजूचा बोटांनी माझ्याकडे लोटला. कांता आली, पाहून उभी राहिली, मग तीही येऊन बसली. मी तिला नाही म्हटलं नाही. भात संपला तेव्हा कांता गंज घेऊन आली आणि आम्ही खरवडसुद्धा खाल्ली.

ताट पुसून झाल्यावर आत्याबाईंनी बोट चाटलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "वांगं कच्चं हाय. अन् मीठ कमी. कोनं शिकवलं तुले?"

मीठ कमीच होतं.